नस काढलेली दाढ दुखते कशी? दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या दाढेचे प्रकरण

"मॅडम, नस तर सहा वर्षांपूर्वीच काढून टाकली ना? मग आता दुखतंय काय?"

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात फेब्रुवारीतल्या एका सकाळी हा प्रश्न आला. विचारणारे भाऊ दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, वय ४६. माल काढणीला आलेला, व्यापारी बागेत येऊन बसलेला, आणि ते डावा गाल हातात धरून माझ्यासमोर. वहिनींनी जवळजवळ ओढूनच आणलं होतं. प्रश्न इतका रास्त होता की त्याचं उत्तर नीट दिल्याशिवाय उपचाराला हात लावू नये असं मला वाटलं. दाताच्या मुळात पुन्हा संसर्ग होतो तेव्हा नेमकं काय घडतं, ते या एका प्रश्नाभोवती सांगता येतं. म्हणून त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे.

हकीकत अशी. खालची डावी पहिली मोठी दाढ किडली होती. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात तिचं रूट कॅनाल झालं. वर कॅप बसवायला पुन्हा या, असं सांगितलं होतं. तेवढ्यात ऑक्टोबरची गोडी छाटणी सुरू झाली. छाटणी, डिपिंग, थिनिंग, मग काढणी. दुखत नव्हतं म्हणून कॅप राहूनच गेली. दाढ सिमेंटच्या भरणीवर चालली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भरणीचा एक कोपरा उडाला आणि त्यात अन्न अडकू लागलं. ते टूथपिकने काढायची सवय लागली. गेल्या वर्षभरात हिरडीवर तीनदा पुळी आली आणि तीनदा फुटली. प्रत्येक वेळी मेव्हण्याच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आल्या. चौथ्या दिवशी पुळी बसायची, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा यायची.

तपासताना दाढेवर आरशाचा दांडा हलकेच ठोकला तर भाऊ दचकले. बाहेरच्या बाजूने हिरडीवर मुगाएवढी पुळी होती. दाबल्यावर पिवळसर थेंब आला. पुळीच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे मुळात भरतात त्या रबरासारख्या पदार्थाची, बारीक काडी हळूच आत सरकवली, ती जिथे अडली तिथे तशीच ठेवून एक्स-रे काढला. काडी थेट पुढच्या मुळाच्या टोकाशी पोहोचली होती. तिथे साधारण ७ मिलिमीटरचा काळा डाग, म्हणजे हाड विरघळून झालेली पोकळी. मुळातली जुनी भरणी टोकाच्या ३ मिलिमीटर अलीकडेच थांबलेली. दाढेभोवती हिरडीची खोली सगळीकडून मोजली. कुठेही ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नव्हती. मुळाला उभी चीर गेली असती तर एकाच जागी अरुंद, खोल खड्डा लागला असता, आणि मग दाढ काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तसं काही दिसलं नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी करून घेतली, ती ८.२ आली. मधुमेह आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण गोळ्या हंगामाच्या सोयीने चालायच्या.

आता त्यांच्या प्रश्नाकडे येते. रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस काढतात, पण दात ज्या हाडात रुतलेला असतो ते हाड, आणि मुळाला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू जिवंतच असतात. दुखतं ते तिथे. दात हा त्या हाडात ठोकलेल्या पोकळ खुंटीसारखा असतो. पोकळीत काही कुजलं तर त्याचा निचरा मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून हाडात होतो.

कुजतं म्हणजे काय होतं, ते जास्त महत्त्वाचं. पुष्कळांच्या मनात चित्र असं असतं की जंतू हाडात शिरतात आणि हाड खातात. प्रत्यक्षात बहुतेक जंतू मुळाच्या आतच राहतात. बाहेर पाझरतं ते त्यांचं विष. या जंतूंचे ढोबळ दोन गट आहेत. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो. वैद्यकीय बोलीत एन्डोटॉक्सिन, थोडक्यात एलपीएस. या रेणूचा लिपिड-ए नावाचा चरबीयुक्त भाग आपल्या शरीराला सर्वात जास्त खुपतो. ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंच्या भिंतीत लिपोटायकोइक आम्ल, म्हणजे एलटीए, असतं. ते तुलनेने सौम्य, पण चिवट. नीट भरलेल्या आणि तरीही बिघडलेल्या मुळांत एन्टेरोकोकस फीकॅलिस हा ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू वारंवार सापडतो. उपासमार, कोरडेपणा, तीव्र अल्कली असं बरंच काही तो सोसतो. भाऊंच्या दाढेसारखी जिची भरणी अपुरी आणि वरचं झाकण गळकं, तिच्यात मात्र लाळेवाटे नवे जंतू सतत येत राहतात, आणि दोन्ही गटांचं मिश्र बस्तान बसतं. अशा दाढेत दोन्ही विषं एकाच वेळी काम करतात.

एलपीएसची गोष्ट मला जास्त सांगावीशी वाटते, कारण भाऊंच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. १८९२ साली रिचर्ड फायफर हे जर्मन शास्त्रज्ञ बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत पटकीच्या जंतूंवर काम करत होते. उष्णतेने मारलेले जंतू टोचले तरी गिनीपिग मरत. जिवंत जंतू बाहेर सोडतात त्यापेक्षा हे विष निराळं होतं. ते जंतूच्या अंगातच होतं, आणि जंतू मेल्यावर, फुटल्यावर मोकळं होत होतं. 'एन्डोटॉक्सिन' हा शब्द तिथला. म्हणजे जंतू मारणं आणि त्याचं विष संपवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दाताच्या बाबतीत ही गोष्ट आपण अजूनही पुरेशी मनावर घेत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

भाऊंना हे सांगताना मला वेगळा दाखला शोधावा लागला नाही. "फवारणी झाली, रोग गेला, तरी युरोपला माल पाठवताना काय तपासतात?" असं विचारलं. ते लगेच म्हणाले, "रेसिड्यू." २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले, ते नाशिक जिल्ह्यातल्या कुणाही बागायतदाराला विसरणं शक्य नाही. मी म्हटलं, तुमच्या दाढेत तोच प्रकार आहे. गोळ्यांनी थोडे जंतू मेले, अंश मागे राहिला. ते काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे मेलेलाही त्रास देतो."

तो त्रास कसा होतो ते थोडं उलगडते. मुळाच्या टोकाशी पहाऱ्यावर असलेल्या पांढऱ्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो. एलपीएस ओळखणं हेच त्याचं काम. एलटीएसाठी त्याचा भाऊबंद टीएलआर-२. ग्राहकाला विष लागलं की पेशी इंटरल्यूकिन-१, टीएनएफ-अल्फा, प्रोस्टाग्लॅन्डिन ई-२ अशी रसायनं सोडते. रक्तवाहिन्या रुंदावतात, आणखी पेशी येतात, सूज येते. याच रसायनांमुळे आसपासच्या पेशी रँकल नावाचा संदेश जास्त पाठवू लागतात, आणि त्या संदेशावर ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी, तयार होतात. एक्स-रेमधला काळा डाग हे त्यांचं काम. गंमत म्हणजे हा डाग शरीराच्या बचावाचाच भाग आहे. संसर्गापासून हाड मागे सरतं आणि त्या जागी लढणाऱ्या पेशींनी भरलेली मऊ गाठ उभी राहते. दाताच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जापेशींवरही टीएलआर-४ आढळतो. त्यामुळे विष मज्जातंतूला सरळ हळवं करू शकतं, आणि घास चावताना एरवी जाणवणार नाही एवढा दाबही कळ होऊन उमटतो.

याला दातांतून मिळालेला पुरावा आहे. शाईन आणि शिल्डर यांनी १९७५ साली नस मेलेल्या दातांतलं एन्डोटॉक्सिन मोजलं, तेव्हा दुखणाऱ्या दातांत ते न दुखणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. ही मोजणी ज्या चाचणीने करतात ती अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींपासून बनते. एन्डोटॉक्सिन जरा जरी असलं तरी त्यांचा अर्क गोठतो. ब्राझीलमधल्या पिरासिकाबाच्या दंत महाविद्यालयातल्या संशोधकांनी याच चाचणीने पहिल्यांदा संसर्ग झालेल्या आणि पुन्हा संसर्ग झालेल्या मुळांची तुलना केली. पुन्हा बिघडलेल्या मुळांत एन्डोटॉक्सिन कमी होतं, पण होतंच. आणि धुवून, घासून झाल्यावरही ते शून्यावर आलं नाही.

आता दाढ उघडली त्या दिवसाबद्दल. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, लावल्याशिवाय मी मुळाला हात लावत नाही. लाळेचा थेंब आत गेला तर सगळं मुसळ केरात. जुनी भरणी काढली तेव्हा तिच्याखाली कापसाचा बोळा निघाला, काळपट, ओला. चिमट्याने उचलला आणि खोलीभर वास पसरला. हा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा तो वास. वहिनी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदर नाकाला लावला. भाऊंना वास आला नाही. माणसाला स्वतःच्या तोंडाची सवय झालेली असते. त्याखालची गटापर्चा धागा ओढावा तशी सैल निघून आली, टोकाला चिकट.

पुढच्या मुळात दोन वाटा असतात, आणि बहुधा त्या दोघींना जोडणारी एक चपटी चिंचोळी खाच. मूळ आतून घासायची बारीक सुई, म्हणजे फाईल, गोल फिरते, खाच चपटी असते. फाईल तिथे पोहोचत नाही. शिवाय दाताच्या भिंतीत दर चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नळ्या आहेत, एकेकीची रुंदी एक-दोन मायक्रॉन, म्हणजे जंतूला आत बसता येईल एवढी. म्हणून माझा भर घासण्यापेक्षा धुण्यावर होता. मुळाची लांबी अपेक्स लोकेटरने, म्हणजे टोक कुठे आहे ते सांगणाऱ्या यंत्राने, घेतली, एक्स-रेने पडताळली. ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट पुन्हा पुन्हा, मधे घासताना भिंतीवर बसलेला थर विरघळवणारं १७ टक्के ईडीटीए, आणि द्रव अल्ट्रासोनिकने खळखळवून त्या खाचेत पोहोचवला. हायपोक्लोराइट जंतू मारतं, कुजलेलं मांस विरघळवतं, धुण्याच्या जोराने बरंचसं विष बाहेरही नेतं. पण एलपीएसचा रेणू निकामी करण्यात ते कमी पडतं. क्लोरहेक्झिडिन हे दुसरं जंतुनाशकही तिथे फारसं कामाचं नाही.

तिथे कॅल्शियम हायड्रॉक्साइड लागतं. साधी चुन्याच्या जातीची पेस्ट, दंतवैद्यकात शंभर वर्षांहून जुनी. सफावी आणि निकोल्स यांनी १९९३ साली दाखवलं की ती लिपिड-एमधले बंध तोडून त्याची मेदाम्लं सुटी करते. म्हणजे विषाचा डंखच मोडते. ब्राझीलमध्येच कुत्र्यांच्या दातांवर झालेल्या एका प्रयोगात मुळात नुसतं एन्डोटॉक्सिन भरलं तर महिन्याभरात टोकाशी हाड झिजलं. त्यातच कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिसळलं तर झिजलं नाही. मात्र पेस्टला वेळ द्यावा लागतो. दाताचं डेन्टिन, म्हणजे त्या सूक्ष्म नळ्यांची भिंत, तिची अल्कली शोषून बोथट करतं, आणि एन्टेरोकोकस तर बराच तग धरतो. एका बैठकीत सगळं आटोपण्याची हल्ली पद्धत आहे, आणि ताज्या, संसर्ग नसलेल्या नसेसाठी ती उत्तमच. पण पुळी असलेल्या, पुन्हा बिघडलेल्या दाढेत मी घाई करत नाही. हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

पेस्ट भरली, वर पक्की तात्पुरती भरणी केली, भाऊ गेले.

दुसऱ्या रात्री पावणेअकराला फोन आला. गाल सुजला होता, ठणका इतका की झोप नाही. मागून मेव्हण्याचा आवाज, "मॅडम, अँटिबायोटिक चालू करतो, स्ट्राँग." मी ताप विचारला, नव्हता. तोंड नेहमीएवढं उघडतंय का, गिळताना त्रास होतो का, सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली सरकतेय का, हे विचारलं. तसं काही नव्हतं. मग मी अँटिबायोटिकला नको म्हटलं, पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन सांगितलं आणि सकाळी आठला बोलावलं. फोन ठेवल्यावर मला लगेच झोप लागली नाही, हे लिहिलं पाहिजे. मधुमेही माणूस, पंचवीस-तीस किलोमीटरवरचं घर.

नकार का दिला? नस काढलेल्या मुळात रक्त वाहत नाही. गोळी रक्तातून जाते, त्यामुळे ती मुळाच्या आत पोहोचतच नाही. बाहेर हाडात आलेले थोडे जंतू ती मारते, सूज उतरते, आतला साठा जसाच्या तसा. भाऊंच्या तीन कोर्सची कथा हीच आहे. शिवाय जंतूची भिंत फोडणारं औषध भिंतीतलं विष मोकळं करतं. सूज पसरत असेल, ताप असेल, गिळता येत नसेल तर अँटिबायोटिक द्यायलाच हवं, त्या वेळी रुग्णालयही गाठावं. इथे तशी खूण नव्हती. रात्रीच्या भडक्याचं कारण माझ्याच कामात होतं. सफाई करताना फुटलेल्या जंतूंचा, डेन्टिनच्या भुकटीचा थोडा गाळ टोकाबाहेर ढकलला गेला असणार. कितीही जपलं तरी तो थोडा जातोच, आणि पहाऱ्यावरच्या पेशींना एकदम मोठा डोस मिळतो.

सकाळी दाढ उघडली. आधी पू, मग रक्तमिश्रित पाणी, मग स्वच्छ द्रव. पाच-सात मिनिटं नुसतं वाहू दिलं. भाऊंच्या खांद्यांतला ताण उतरताना मला दिसला. पुन्हा धुतलं, पेस्ट बदलली, बंद केली. संध्याकाळी त्यांनी बागेतूनच फोन केला. मागे क्रेट भरल्याचा आवाज येत होता.

दोन आठवड्यांनी पुळी लहान, पण ओली. पेस्ट पुन्हा बदलली. त्याच भेटीत साखरेबद्दल मी जरा कडक बोलले. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं आणि दाह विझायला वेळ लागतो, त्यामुळे मधुमेहात ही हाडं हळू भरतात. वहिनींनी गोळ्यांचा डबा स्वतःच्या ताब्यात घेतला. मार्चअखेरीला पुळीची जागा सपाट, कोरडी, गुलाबी. ठोकल्यावर दुखत नव्हतं, मूळ आतून कोरडं होतं, वास नव्हता. दवाखान्यात विष मोजायचं साधन माझ्याकडे नाही. या चार खुणांवरच मी मुळं भरायचा निर्णय घेतला.

बायोसिरॅमिक सीलर, म्हणजे फटी बुजवणारं सिमेंट, आणि गटापर्चाने तिन्ही वाटा टोकापर्यंत भरल्या. त्याच बैठकीत वर कॉम्पोझिटची पक्की भरणी केली, कापूस आत न ठेवता. आणि कॅपचं माप एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, खरड छाटणीच्या आधी घ्यायचं असं तारीख घालून ठरवलं. गेल्या वेळी दाढ बिघडली ती या एका राहून गेलेल्या कॅपमुळे. कॅप न बसवलेल्या दाढेतून लाळ झिरपत राहते, आणि मुळातलं कितीही चांगलं काम वर्षा-दोन वर्षांत वाया जाऊ शकतं. ज्या सहकाऱ्यांनी पहिला उपचार केला त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी कॅप सांगितली होती. पण पेशंट कुठल्या हंगामात जगतो हे विचारून तारीख द्यायला हवी, हे मी या प्रकरणातून शिकले. आता माझ्या केसपेपरवर 'छाटणी/काढणी कधी' असा एक रकाना आहे.

यशाची खात्री मी भाऊंना दिली नव्हती. स्वीडनमधल्या उमिओच्या स्यग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली आठ-दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे दिले होते. हाड न झिजलेल्या दातांत ९६ टक्के यश, मेलेली नस आणि झिजलेलं हाड असेल तर ८६ टक्के, आणि आधी रूट कॅनाल होऊन पुन्हा बिघडलेल्या, हाड झिजलेल्या दातांत ६२ टक्के. त्यानंतर साधनं सुधारली, पण पायऱ्यांचा क्रम तोच आहे. दाढ बरी झाली नसती तर पुढची पायरी शस्त्रक्रिया करून मुळाचं टोक कापण्याची, आणि शेवटची काढण्याची. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सहा महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेत डाग सुमारे ४ मिलिमीटरवर आला होता आणि कडेने हाडाची जाळी दिसू लागली होती. साखर ७.१. चौदा महिन्यांनी, पुढचा हंगाम संपवून, ते पुन्हा आले. दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी पडद्यावर लावले. पहिल्यात काळं वर्तुळ, दुसऱ्यात मुळाच्या टोकाभोवती केसाएवढी रुंदावलेली रेघ, बाकी भरलेलं हाड. रेघ पूर्ण जायला अजून वर्ष-दोन वर्षं लागतील. भाऊ पडद्याजवळ गेले, रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा रेसिड्यू का?"

मी म्हटलं, तसं समजा, पण हा मर्यादेतला. त्यांनी पुढची तारीख स्वतःच सांगितली: सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, छाटणीच्या आधी.